आधी सांधा दाखवा

कल्याणच्या यार्डात सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागी, गाडी रूळ बदलते तेव्हा प्रत्यक्षात फार थोडे हलते. टंग रेल म्हणतात त्या दोन निमुळत्या पट्ट्या टोकाशी 115 मिलिमीटर सरकतात, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. पॉइंट मशीन हे काम चार-पाच सेकंदांत उरकते. मग टंग रेल शेजारच्या पक्क्या रुळाला, म्हणजे स्टॉक रेलला, नीट चिकटली का, याची खात्री होते. दोहोंच्या मध्ये 5 मिलिमीटरची पट्टी घातली तर सांधा लॉक होता कामा नये आणि सिग्नल मिळता कामा नये, अशी आपल्या रेल्वेची चाचणी आहे. पुढे जिथे रूळ एकमेकांना छेदतात तिथे चाकाची कड निघून जाईल एवढी, साधारण 44 मिलिमीटरची खाच ठेवलेली असते. एवढ्याच भांडवलावर मुंबईची लोकल चालते, मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळाला, लागते आणि मागून आलेली एक्सप्रेस पुढे निघते. जुन्या पिढीत या कामाला माणूस असे, त्याला सांधेवाला म्हणत. माणूस गेला, यंत्र आले, पण युक्ती दीडशे वर्षांहून जुनी तीच.

चुंबकावर तरंगणाऱ्या किंवा तुळईवर बसणाऱ्या गाडीला ही युक्ती वापरता येत नाही. चुंबकाची मॅगलेव्ह असो, तुळईवरची मोनोरेल असो की नळीतून धावणारी हायपरलूप, बातम्या वेगाच्या येतात: शांघायला 2021 पर्यंत ताशी 431 किलोमीटर, जपानात 21 एप्रिल 2015 रोजी ताशी 603. हे आकडे खरे आहेत, कौतुकाचेही आहेत. पण एखाद्या शहराने किंवा राज्याने अशा गाडीवर जनतेचा पैसा लावायचा की नाही, हे वेगावरून ठरत नाही. ते सांध्यावरून ठरते. माझे म्हणणे सरळ आहे: ज्या प्रकल्पाचा सांधा पूर्ण आकारात, ठरलेल्या वेगात, ठरलेल्या वेळेत बदलताना कोणी पाहिलेला नाही, त्याच्या प्रकल्प अहवालावर सही होऊ नये.

अडचण मुळात गाडी तुळईला कशी धरते यातच आहे. जर्मनीची ट्रान्सरॅपिड, म्हणजे शांघायला धावते ती, टी अक्षराच्या आकाराच्या तुळईला मिठी मारून बसते. डब्याचे हात दोन्ही बाजूंनी खाली येतात आणि तुळईच्या पंखांखाली आत वळतात. तिथले विद्युतचुंबक वर, तुळईच्या पोटाला बसवलेल्या स्टेटरकडे, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाकडे, खेचले जातात आणि गाडी उचलली जाते. मधली फट सुमारे 10 मिलिमीटर. ही ओढ स्वभावतःच अस्थिर असते. फट कमी झाली की ओढ वाढते, ओढ वाढली की फट आणखी कमी होते. म्हणून संवेदक सतत फट मोजतात आणि नियंत्रक प्रवाह कमी-जास्त करत राहतो. या मिठीमुळेच गाडी रुळावरून उतरणे जवळपास अशक्य होते, आणि रूळ बदलणेही अवघड होते ते याच मिठीमुळे. दोन तुळया एकमेकींना छेदूच शकत नाहीत, कारण आडवी आलेली तुळई गाडीच्या हातांच्या मधोमध येईल. रेल्वेत चाकाची कड रुळाच्या पातळीखाली फक्त 28-29 मिलिमीटर उतरते, म्हणून खाच पुरते. इथे खाच कुठे पाडणार?

सांध्याकडे जाण्याआधी साधी, न हलणारी तुळईसुद्धा किती नाजूक हिशेबाची असते ते पाहू. समजा, 25 मीटर लांब आणि 2.2 मीटर उंच काँक्रीटचा गर्डर दोन खांबांवर टेकवला आहे. दुपारच्या उन्हात त्याचा वरचा भाग खालच्यापेक्षा 10 अंशांनी जास्त तापला, तर गर्डर मध्यभागी सुमारे साडेतीन मिलिमीटर वर फुगतो. रेल्वेच्या पुलाला याचे काही वाटणार नाही. 10 मिलिमीटरच्या फटीत मात्र तो एक तृतीयांशाहून जास्त वाटा झाला. त्यात गाडीच्या वजनाने येणारा झोल, काँक्रीटचे वर्षानुवर्षे चालणारे आकुंचन आणि खांब खचणे हे सगळे अजून मिळवायचे आहे. शांघायची जमीन मऊ, गाळाची. तिथे गर्डरखालची बेअरिंग नंतरही जुळवून घेता येतील अशी केली गेली, ती हौस म्हणून नव्हे. काँक्रीटच्या गर्डरला पोलादी भाग जोडून ते यंत्रावर मिलिमीटरच्या अंशांत बसवावे लागतात. थोडक्यात, बांधकाम खात्याचा पूल आणि कारखान्यातले यंत्र यांच्यामधली ही वस्तू आहे, आणि तिची किंमतही तशीच लागते.

आता हीच तुळई हलवायची आहे.

ट्रान्सरॅपिडने निवडलेला मार्ग असा: सांध्याच्या जागी काँक्रीटऐवजी पोलादाची सलग पेटी-तुळई, म्हणजे आतून पोकळ तुळई, टाकायची, एक टोक पक्के बांधायचे आणि बाकी सगळी तुळई वाकवायची. तोडायची नाही, बिजागरी लावायची नाही, छडी वाकवावी तशी लवचिकपणे वाकवायची. कमी वेगाच्या सांध्याची तुळई सुमारे 78 मीटर लांब असते, जास्त वेगाच्या सांध्याची जवळपास 150 मीटर. पक्के टोक सोडले तर बाकीचे आधार चाकांच्या चौकटींवर असतात, त्या आडव्या रुळांवर सरकतात, आणि प्रत्येक ठिकाणची यंत्रणा तुळईला ठरलेल्या अंतराइतके ढकलते. ढकलणे सर्वत्र सारखे नसते. पायथ्याशी थोडे, टोकाला काही मीटर, असे की वाकलेला आकार गाडीला मानवेल असे हळूहळू घट्ट होत जाणारे वळण व्हावे. शेवटी प्रत्येक आधाराला कुलूप, आणि प्रत्येक कुलपाची खात्री. सरळ जाणारी गाडी पूर्ण वेगाने जाते. वळणाऱ्या बाजूला मोठ्या सांध्यावर ताशी 200 किलोमीटरपर्यंत जाता येते. हे सारे व्हायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो.

वाकवण्याची कल्पना मला मनापासून आवडते. गाडीखाली एकही फट राहत नाही, स्टेटर सलग राहतो. पण पोलाद फुकट वाकत नाही. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ, कोणत्याही विशिष्ट सांध्याचे नव्हेत. पेटीची अर्धी रुंदी अर्धा मीटर, वळणाची त्रिज्या 1000 मीटर. वाकवल्यावर कडेच्या पत्र्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे 105 न्यूटन ताण येतो आणि सरळ केल्यावर तो जातो. एकदा वाकवून ठेवायचे असते तर काहीच नव्हते. पण दर तीन मिनिटांनी सांधा बदलणाऱ्या टर्मिनसवर, दिवसाचे 18 तास धरले, तर रोज 360 वेळा, वर्षाला सुमारे 1 लाख 31 हजार वेळा, आणि पंधरा वर्षांत 20 लाखांच्या घरात. पोलादाचे पूल आखणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. युरोपीय मानकात वेल्डच्या प्रत्येक प्रकाराची थकव्याविरुद्धची, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाला टिकण्याची, ताकद 20 लाख आवर्तनांनाच सांगितलेली असते, आणि ती सगळ्यात वाईट जोडाला 36 तर साध्या पत्र्याला 160 न्यूटन अशी पसरलेली आहे. म्हणजे 105 चा ताण पत्रा पचवील, पण त्याच पत्र्यावर घाईने टाकलेला आडवा वेल्ड पचवेलच असे नाही. तडा तिथून सुरू होतो. उपाय आहेत: त्रिज्या वाढवा, पेटी अरुंद करा, जोड कडेपासून आत घ्या. त्रिज्या वाढवली की सांधा लांबतो, पेटी अरुंद केली की ती पिळाला कमजोर होते. आखणारा माणूस या कोंडीत कायम असतो.

तापमानाचेही तेच. 150 मीटर पोलादी तुळई 40 अंशांच्या फरकाने 72 मिलिमीटर लांब-आखूड होते. ही वाढ मोकळ्या टोकाशी सामावून घ्यायची, वर ते टोक कधी या गर्डरसमोर तर कधी त्या गर्डरसमोर अचूक जुळवायचे.

आणि अर्ध्यात अडकला तर? आपल्याकडे पॉइंट फेल झाला की कर्मचारी क्रँक हँडल घेऊन जातो, हाताने सांधा फिरवतो, क्लॅम्प आणि कुलूप लावतो, आणि गाडी हळूहळू पुढे काढली जाते. लोक शिव्या घालतात, पण वीस-तीस मिनिटांत गाडी हलते. तुळईचा सांधा अर्ध्यात अडकला म्हणजे पुढे रस्ताच नाही. सहा-आठ मीटर उंचीवर तुळई संपते आणि खाली हवा असते. गाडी सरळही जाऊ शकत नाही आणि वळूही शकत नाही. एका सांध्याच्या बिघाडाने दोन्ही वाटा बंद होतात.

रेल्वेची आणखी एक साधी सोय इथे आठवते. पाहणीला निघालेल्या अभियंत्याची पुश ट्रॉली गाडी यायच्या आधी चार माणसे उचलून रुळाबाजूला ठेवतात. तुळईवरचे वाहन असे उचलून ठेवता येत नाही. दुरुस्तीच्या गाडीलाही बाजूला व्हायला सांधाच लागतो, आणि सांधे महाग म्हणून मोजकेच असतात. 22 सप्टेंबर 2006 रोजी जर्मनीत लाथेनजवळच्या चाचणी मार्गावर ट्रान्सरॅपिड दुरुस्तीच्या वाहनावर आदळली, 23 माणसे गेली. ते वाहन मार्गावर असताना गाडी सोडली गेली, ही माणसांची चूक. स्वयंचलित संरक्षणाच्या हिशेबात ते वाहन धरलेले नव्हते, ही आखणीची. अपघाताचे खापर सांध्यावर फोडणे अन्यायाचे होईल. पण ज्या मार्गावर बाजूला होणे सोपे नसते, तिथे कोण कुठे उभे आहे याची नोंद यंत्राकडेच असायला हवी, हा धडा सांध्यांच्या दुर्मिळतेतूनच येतो.

जपानने वेगळी वाट धरली. तिथला मार्ग यू अक्षरासारखा: गाडी भिंतींच्या मध्ये धावते, भिंतींत विजेच्या तारांची वेटोळी बसवलेली, गाडीवर उणे 269 अंशांना थंड केलेले अतिवाहक चुंबक. फट 10 मिलिमीटर नव्हे, 10 सेंटिमीटर. हा दहापट मोकळेपणा भूकंपाच्या देशाला मानवतो, गर्डरच्या साडेतीन मिलिमीटरच्या फुगवट्याची इथे कोणी दखलही घेणार नाही. पण भिंती आडव्या येतात, त्यामुळे सांध्याला तळ आणि दोन्ही भिंतींसकट मार्गच उचलून सरकवावा लागतो. गर्डरचे काही तुकडे एकामागून एक बाजूला सरकतात आणि वेडीवाकडी न दिसणारी नवी वाट तयार करतात. कमी वेगाला ही गाडी तरंगतच नाही, ताशी 150 किलोमीटरच्या खाली ती रबरी चाकांवर असते. त्यामुळे स्थानकात शिरताना वळणाऱ्या बाजूला चाकांवर हळू जायचे, एवढी तडजोड चालते.

टोकियोच्या शिनागावापासून नागोयापर्यंत 286 किलोमीटरच्या या मार्गावर दोन्ही टोके धरून फक्त सहा स्थानके आहेत आणि कुठेही फाटा नाही. सांधे जेवढे कमी लागतील तेवढे कमी. मॅगलेव्ह कुठे शोभते ते इथे दिसते: दोन प्रचंड शहरे, मध्ये डोंगर, जुना मार्ग तुडुंब, आणि गाडी या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत यायची. तरीही 86 टक्के बोगदे असलेला हा मार्ग 2027 ला सुरू व्हायचा होता, तो आता 2034 च्या आधी शक्य नाही. अडले ते मुख्यतः शिझुओका भागातल्या बोगद्याच्या आणि नदीच्या पाण्याच्या वादात. तो दोष सांध्याचा नव्हे.

उलट शांघाय. 30 किलोमीटर, दोन स्थानके, विमानतळ आणि लाँगयांग रोड. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी. इथे सांधा अर्धा मिनिट घेतो की दोन, कोणाला फरक पडत नाही. लाँगयांग रोडला उतरून मेट्रो पकडायची, कारण मॅगलेव्ह शहरात पुढे जाऊच शकत नाही. हांगझोऊपर्यंत मार्ग वाढवायची योजना कागदावर राहिली, आणि दरम्यान चीनने चाकांच्या वेगवान रेल्वेचे हजारो किलोमीटरचे जाळे विणले. जाळे विणता येते ते सांध्यांमुळे. फ्रान्सची वेगवान गाडी नव्या मार्गावरून सुटून पॅरिसच्या जुन्या स्थानकांत शिरते. त्या नव्या मार्गांवरच्या 1:65 च्या, म्हणजे 65 मीटर पुढे जाताना 1 मीटर बाजूला होणाऱ्या, सांध्यावर वळणाऱ्या बाजूलाही ताशी 230 किलोमीटरचा वेग मिळतो. जपानच्या शिंकानसेनच्या 1:38 च्या सांध्यावर 160. ज्या जर्मनीने ट्रान्सरॅपिड घडवली, तिनेच म्युनिकच्या विमानतळाचा 37 किलोमीटरचा मार्ग मार्च 2008 मध्ये रद्द केला, कारण 1.85 अब्ज युरोचा अंदाज तीन अब्जांच्या वर गेला.

महाराष्ट्रात मॅगलेव्ह नाही, पण तिची चुलत बहीण आहे. मोनोरेलसुद्धा तुळईवर मांड ठोकून बसते, वर वजनाची चाके आणि दोन्ही बाजूंना दिशा धरणारी. तिचाही सांधा म्हणजे अख्खी तुळई सरकवणे. चेंबूर ते जेकब सर्कल हा सुमारे 20 किलोमीटरचा मार्ग 2014 आणि 2019 अशा दोन टप्प्यांत सुरू झाला. 19 ऑगस्ट 2025 च्या पावसात म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या दरम्यान गाडी अडकली. प्रमाणाबाहेर गर्दीच्या वजनाने वीजपुरवठ्याचा संपर्क तुटल्याचे सांगण्यात आले, आणि पाचशेहून अधिक माणसे अग्निशमन दलाला शिड्यांवरून उतरवावी लागली. लोकल बंद पडली तर माणूस खडीत उडी मारून चालू लागतो, योग्य नाही पण शक्य असते. तुळईवर दोन्ही सोयी नाहीत, गाडीला बाजूला होण्याची आणि माणसाला उतरण्याची.

पुणे-मुंबई हायपरलूपची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये पायाभरणी, पंचवीस मिनिटांत प्रवासाचे आश्वासन, 2019 मध्ये सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा, आणि 2023 अखेर कंपनीच बंद. बातम्यांत नळी, निर्वात आणि वेग यांवर रकानेच्या रकाने भरले. सांध्यावर ओळ सापडणे मुश्किल. वास्तविक एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब होतो. 28 आसनांच्या डब्यांतून ताशी 10,000 माणसे न्यायची, तर दर दहा सेकंदांना एक डबा सुटला पाहिजे. ताशी 1000 किलोमीटरने दहा सेकंदांत डबा 2.8 किलोमीटर जातो. प्रवाशाला सोसेल अशा बेताने, दर सेकंदाला सेकंदी 2 मीटर वेग कमी करत, ब्रेक लावला तर थांबायला 19 किलोमीटर लागतात. म्हणजे पुढचा डबा जागीच थांबला तर मागचे सहा-सात डबे त्याच्यावर येणार. जोरात ब्रेक लावला, प्रवासी पट्ट्याने बांधले, तरी सुमारे पावणेआठ किलोमीटर. आणि दर दहा सेकंदांनी तुळई किंवा नळी सरकवून, कुलूप लावून, खात्री करून घेणारे यंत्र कोणी केलेले नाही.

यावर अभ्यासू मंडळी उत्तर देतात की हलणारा सांधा नकोच. मार्ग वाय अक्षरासारखा दुभंगलेला ठेवा आणि डब्याने उजवीकडचे किंवा डावीकडचे चुंबक चालू करून आपली बाजू पकडावी. कल्पना हवेतली नाही. नेदरलँड्समध्ये वेंडाम येथे 2024 साली उघडलेल्या 420 मीटरच्या चाचणी नळीत असा फाटा आहे. मी या वाटेला हसत नाही, तुळईच्या सांध्याला पर्याय निघाला तर तो इथूनच निघेल. पण एक गोष्ट बदलते, आणि ती लहान नाही. रेल्वेचे सगळे शहाणपण एका क्रमावर उभे आहे: आधी सांधा बसतो, मग कुलूप, मग खात्री, मग सिग्नल, मग गाडी. गाडी पोचण्याआधी वाट सिद्ध झालेली असते, आणि सिद्ध झाली नाही तर थांबायला जागा असते. डब्याने स्वतः बाजू पकडायची म्हटल्यावर सिद्धता गाडीबरोबर धावते. फाट्याच्या नेमक्या क्षणी एका बाजूचे चुंबक सुटले पाहिजेत आणि दुसऱ्या बाजूचे धरलेले राहिले पाहिजेत. दोन्ही सुटले तर काय, दोन्ही धरले तर काय, याचे उत्तर फाट्याच्या किती किलोमीटर आधी मिळते, हा प्रश्न आहे. 420 मीटरमध्ये त्याचे पूर्ण उत्तर मिळणे अवघड. चेन्नईजवळ आयआयटी मद्रासच्या आवारात 422 मीटरची नळी आहे, तिलाही लांबीची तीच मर्यादा.

मॅगलेव्हच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. चाक आणि रूळ झिजत नाहीत. ट्रान्सरॅपिड शंभराला दहाचा चढ चढू शकते, जिथे आपल्या खंडाळा घाटात शंभराला पावणेतीनच्या चढाला मागून जादा इंजिने लावावी लागतात. नागोयाजवळची लिनिमो ही मॅगलेव्ह 2005 पासून नऊ स्थानकांवर शहरी सेवा देते. पण हे गुण एका रेषेचे आहेत. आपल्याला मुंबई-पुण्यात एक रेषा हवी आहे की कर्जतला, पनवेलला, विमानतळाला फुटणारे फाटे, हे आधी ठरवा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरला बारा स्थानके आहेत. तिथे मागच्या गाडीने पुढच्या गाडीला स्थानकात ओलांडायचे असेल तर प्रत्येक ठिकाणी सांधे लागतात. तो मार्ग पोलादी चाकांवर नेण्याचा निर्णय खर्चावरून किती का वादग्रस्त असेना, याबाबतीत शहाणाच होता.

यापुढे असा प्रस्ताव मंत्रालयात आला तर पहिल्या दहा पानांत काय हवे, ते सांगता येते. सांधे किती आणि कुठे. प्रत्येकाची लांबी, वळणाऱ्या बाजूचा वेग, आणि हलणे, कुलूप, खात्री हे सगळे धरून लागणारा वेळ. त्या वेळेवरून निघणारे दोन गाड्यांमधले अंतर, जाहिरातीतले नव्हे. तुळईची थकव्याची आयुर्मर्यादा किती आवर्तनांची, आणि ती संपल्यावर तुळई बदलायला मार्ग किती रात्री बंद. अर्ध्यात अडकल्यास हाताने काय करता येते, आणि गाडीतल्या माणसांनी कुठून उतरायचे.

आणि एक सांधा प्रत्यक्ष. त्यासाठी अख्खा मार्ग बांधायची गरज नाही. कोकणातल्या एखाद्या मोकळ्या सरकारी जागेवर, कमरेएवढ्या चौथऱ्यांवर, पूर्ण लांबीचा एक सांधा उभारा, त्यावर गाडीच्या वजनाची चौकट ठेवा आणि जून ते सप्टेंबर रोज 360 वेळा बदलत राहा. चार महिन्यांत 44 हजारांच्या आसपास आवर्तने होतात. चिखल, पालापाचोळा, खारी हवा, भिजलेले संवेदक, सगळे त्यात येऊन जाईल. रोजची नोंदवही सर्वांना पाहायला मिळावी: किती वेळा बदलला, किती वेळा अडला, आणि अडल्यावर सुटायला किती मिनिटे लागली.